तळघरातले लायटर

दुकानाच्या तळघराला एक जाड लोखंडी दार होतं. बाहेरून मूठ फिरवून ढकललं की उघडायचं, लोटलं की आपसूक खटका बसायचा. आतली मूठ मात्र केव्हाच निखळून पडली होती. ती बसवून घेऊ, बसवून घेऊ म्हणता म्हणता तिची जागा एका लाकडी पाचरीने घेतली. खाली जाताना पाचर दाराच्या फटीत सरकवायची, वर येताना काढायची. धाकटी दोनचारदा म्हणाली होती, "एखाद दिवशी कुणीतरी आत अडकून बसेल." त्यावर थोरलीचं उत्तर ठरलेलं असायचं, "डोळे उघडे ठेवून वावरणारा माणूस अडकत नाही."

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दुकान दोघींच्या नवऱ्यांचं, म्हणजे दोघा भावांचं. विजेची इस्त्री, किटली, विजेऱ्या, चार्जर, भिंतीवरची घड्याळं, असा सगळा पसारा. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणत. माल आणण्यासाठी ते सतत फिरतीवर असायचे. धाकटा भाऊ गाडीवरून घरोघरी माल पोचवायचा. तो स्वभावाने इतका गरीब, की गिऱ्हाईकच दोन शब्द ऐकवून पाठवायचं. गल्ला थोरलीकडे. दुकानाच्या, घराच्या, कपाटांच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा दोरीने तिच्या गळ्यात असायचा. ती जिना चढताना तो खुळखुळला की वरच्या मजल्यावरच्या घरात सगळे सावरून बसत.

धाकटी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात दुरुस्तीच्या टेबलावर बसायची. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं. बिघडून परत आलेल्या वस्तू उघडून बघता बघता ती शिकली आणि नंतर दुपारच्या वेळात रीतसर शिकवणीही लावली. थोरलीला ते फारसं रुचलं नव्हतं, पण परत आलेला माल पुन्हा विकता येऊ लागला, तेव्हा तिने नाक मुरडणं थांबवलं.

विजेचे लायटर दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा थोरली खूश झाली होती. ना ज्योत, ना वायू, ना काडी. झाकण उघडून बटण दाबलं की दोन टोकांमध्ये जांभळा दोरा थरथरायचा आणि त्यावर धरलेला कागद पेटायचा. वारा असला तरी विझायचा नाही. "ही काय जादू आहे गं?" असं तिने विचारलं, तेव्हा धाकटीने एक लायटर खोलून तिच्यापुढे ठेवला होता.

"ही आतली बॅटरी. हिचा जोर अगदी थोडा, जिभेवर ठेवली तरी नुसती चुणचुण होईल. विजेला मधली हवा ओलांडता येत नाही, हवा तिच्या वाटेतली भिंतच असते. म्हणून हा छोटा सर्किटचा तुकडा बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि या गुंडाळीत सोडतो. गुंडाळीत एका बाजूला तारेचे वेढे थोडे, दुसऱ्या बाजूला भरमसाट. त्यामुळे दुसऱ्या बाजूने वीज निघते ती हजारो व्होल्टच्या दाबाने. एवढ्या दाबापुढे या दोन टोकांमधली हवा टिकत नाही, फुटते, आणि तिच्यातूनच वीज वाहायला लागते. तो जांभळा दोरा म्हणजे तापलेली हवाच."

"आणि ती बारीक शीळ?"

"चालू-बंद होण्याचा आवाज. फार वेळ दाबून ठेवला तर टोकं तापतात, म्हणून आपला आपण बंदही होतो."

थोरलीने तेवढं पाठ केलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. लायटर हातोहात खपले.

भानगड झाली ती दुसऱ्या खेपेच्या मालाने. नव्या घाऊकवाल्याकडून थोरलीने स्वतः पसंत केलेला माल. दिसायला तसाच, पण आठवडाभरात परत यायला लागला. चार्ज करताना चटका बसेल इतका गरम होतो, अशी सगळ्यांची एकच तक्रार. धाकटीने दोन नग उघडून पाहिले.

"ताई, हे विकू नका," ती म्हणाली. "ठिणगीचा भाग ठीक आहे. पण बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारा तुकडा असतो ना, तोच यात घातलेला नाही. भरलेल्या बॅटरीत वीज कोंबत राहिली की ती फुगते. फुगलेली कधी पेटेल, सांगता येत नाही."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," थोरली म्हणाली. "लोक रात्रभर लावून ठेवतात, दुसरं काय? मी स्वतः लावून बघते, किती गरम होतात ते."

आणि एका सकाळी तिने परत आलेले सगळे लायटर तळघरात नेले, प्लगच्या एका लांब पट्टीला वायरी जोडल्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ओळीने चार्जिंगला लावून दिले. धाकटीला हे कळलं जेवणाच्या सुट्टीत, तेही दुकानातल्या मदतनीस बाईच्या बोलण्यातून. समोरचं शटर अर्धं खाली आलं होतं, बाई घरी निघायच्या बेतात होती. दादा परगावी, धाकटा गाडीवर. धाकटी तशीच उठली आणि जिना उतरून खाली गेली. पाचर लावली, पट्टीचं बटण बंद केलं आणि एकेक लायटर वायरीपासून सोडवू लागली. बहुतेक कोमट होते. दोनतीन चांगलेच तापले होते.

तेवढ्यात जिन्यावर किल्ल्या खुळखुळल्या.

थोरली आत आली. ती लायटरसाठी आलेली नव्हती, हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तिने वर नजर टाकली. मदतनीस बाई अजून चपला शोधत होती आणि कान टवकारायला तिला फारसं कारण लागत नसे. आपल्या घरचं बोलणं चव्हाट्यावर नको म्हणून थोरलीने पायाने पाचर उडवली आणि दार लोटून घेतलं. खटका बसला. धाकटीचं तोंड उघडायच्या आत ती बोलू लागली.

"सकाळी दुकानाच्या फोनवर एक बाई बोलत होती. कुठल्याशा मोठ्या सर्व्हिस सेंटरची. मला विचारते, मॅडम कामावर कधी रुजू होणार? मी म्हटलं, कोण मॅडम? तर तुझं नाव घेतलं."

धाकटीने हातातला लायटर खोक्यात ठेवला.

"शहर बदलणार, घर बदलणार, आणि आम्हाला फोनवरून कळणार? भावजींना माहीत आहे?"

"त्यांना माहीत आहे. तेच सांगणार होते तुम्हाला."

"ते? ते तर दादांसमोर पाणी मागायलाही घाबरतात."

हे खरंच होतं. महिनाभर नवरा रोज सकाळी "आज सांगतो" म्हणायचा आणि रोज रात्री "उद्या नक्की" म्हणून कूस बदलायचा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, एवढ्यावरच गाडं अडलं होतं.

"ताई, मी भांडून जात नाही. मला ते काम आवडतं. इथे मला दिवसातून एखादी किटली मिळते. तिथे दिवसभर तेच आहे."

"आणि इथे काय कमी केलं आम्ही? टेबल दिलं, शिकवणीला सोडलं..."

"सोडलं," धाकटी म्हणाली. "हाच तो शब्द. मला कुठेही जायचं झालं की तुम्हाला सोडावं लागतं. भाजी आणायची तरी तुम्हाला विचारून. गॅसवर भाजी तुम्ही टाकता आणि हाक मला, जरा बघ गं लागली का. दूध बघ, डबा बघ, कचऱ्याची बादली बघ. शेजारी उभ्या असता तुम्ही, पण बघायचं मी. एवढी वर्षं मी तुमची हाक चुकवलेली नाही."

थोरलीचा चेहरा क्षणभर कसासाच झाला. मग ती म्हणाली, "चल वर. भावजी आल्यावर बोलू," आणि दाराकडे वळली. हात सवयीने मुठीच्या जागी गेला. तिथे एक गोल भोक होतं.

दोघींनी आळीपाळीने दार ढकललं, ओढलं, नखं रुतवून पाहिली. भोकात पेचकस घालून धाकटीने खटका फिरवायचा प्रयत्न केला, पण खटका दुसऱ्याच टोकाला होता. थोरलीने हाका मारल्या. मदतनीस बाई तोवर शटर खाली ओढून गेलेली. धाकटीचा फोन वर दुरुस्तीच्या टेबलावर, थोरलीचा गल्ल्यापाशी. बोलून चालून दोघीही घाईत खाली आलेल्या.

"म्हण आता," थोरली म्हणाली. "मी सांगत होते, असं म्हण एकदाचं."

"मी काही म्हणत नाही."

"तेच जास्त लागतं."

तळघराला छताजवळ एक जाळी होती. तिच्यातून रस्त्याच्या पातळीला बघता यायचं. खोकी रचून धाकटी वर चढली आणि ओरडली. पण रस्ता खणायचं काम चालू होतं. यंत्र असं धडधडत होतं, की जाळीच्या सळ्या थरथरत होत्या. हातभर अंतरावरून पावलं जात होती. बूट, चपला, एका सायकलचं चाक. एकही पाऊल थांबलं नाही.

"किल्ल्या द्या," ती खाली वाकून म्हणाली. "रस्त्यावर फेकते. कुणीतरी उचलेल, इकडेतिकडे बघेल, आपण दिसू."

थोरलीने जुडगा मुठीत धरला. "अख्ख्या दुकानाच्या किल्ल्या रस्त्यावर फेकू? कुणी उचलल्या आणि चालता झाला तर?"

"मग बसा गळ्यात घालून."

"बसते. संध्याकाळी येतीलच सगळे."

आणि ती खरोखरच लायटरच्या खोक्याशेजारी एका उलट्या टोपलीवर बसली. धाकटी समोरच्या भिंतीला टेकली. तळघरात एकच दिवा, एक फरशी पुसायची बादली, आणि छतापर्यंत रचलेला माल. यंत्र थांबायचं तेव्हा कानात दडे बसल्यासारखं व्हायचं, पण ओरडायला तोंड उघडावं तोवर ते पुन्हा सुरू झालेलं असायचं. धाकटीच्या मनात आलं, आपण इथे अडकलोय त्यात नवीन काय आहे? वर असतो तरी हीच बाई समोर, हाच जुडगा, हीच वाट बघणं. फक्त वर खिडक्या होत्या, म्हणून लक्षात यायचं नाही.

बऱ्याच वेळाने तिला वास आला. गोडसर, उग्र. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. तिने मान वर केली.

"ताई, वास येतोय."

"कसला?"

"गोड. तुमच्या बाजूने येतोय. त्या खोक्यातून."

थोरली खोक्याला चिकटून बसली होती. तिने नुसती मान हलवली. "मला नाही येत. बंद जागेत बसलं की भास होतात."

"ताई, एखादी बॅटरी फुटलीय. उठा तिथून."

"अगं, चार्जिंग बंद करून किती वेळ झाला. हे बघ, काही झालेलं नाही," म्हणत थोरलीने खोक्यातला वरचाच एक लायटर उचलला, झाकण उघडलं आणि अंगठा बटणावर नेला.

धाकटीने झेप घालून तो हिसकावला. लायटर भिंतीवर जाऊन आपटला.

"वेड लागलंय का तुम्हाला? हा वास पेट घेतो! इतका उग्र वास येतोय आणि तुम्ही ठिणगी पाडताय?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. धाकटीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. वहीत उत्तर न सापडलेला प्रश्न गुरुजींनी विचारावा तसा तो चेहरा होता.

"तुम्हाला खरंच येत नाहीये," धाकटी हळूच म्हणाली.

तेवढ्यात खोक्याच्या तळातून फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा, आणि पांढऱ्या धुराचा लोट उसळला. वरचे लायटर बाजूला उडाले. मधला एक टरारून फुगला होता, त्याची शिवण उकलली होती, आणि तिथून धूर जोराने बाहेर पडत होता. मग ठिणग्या. मग एक लहानशी, हट्टी ज्योत.

धाकटीला त्या वस्तूबद्दल सगळं माहीत होतं. आत काय जळतंय, ते किती तापतं, शेजारचा नग तापला तर काय होईल, सगळं. आणि सगळं माहीत असल्यामुळेच तिची पाचावर धारण बसली. पाय जागचे हलेनात.

"काय करायचं?" थोरली ओरडली. "पाणी चालेल?"

"चालेल... थंड करायला हवं... बुडवायला हवं..."

थोरलीने केराची सुपली उचलली, ज्योतीखाली सरकवली आणि पेटता लायटर बादलीत टाकला. पाणी खळखळलं, आणखी धूर आला. मग तिने खोकं तसंच्या तसं उचलून बादलीवर उपडं केलं. जे मावले नाहीत ते पायाने कोपऱ्यात ढकलले आणि पुठ्ठा फरशीवर तुडवून विझवला. हाताला चटका बसला तरी हूं की चूं केलं नाही.

पण धूर छताला लागून खाली उतरत होता. घसा सोलवटत होता. दोघी खोक्यांवर चढल्या आणि जाळीला तोंडं लावून उभ्या राहिल्या. गालाला गाल. मोकळी हवा हाताच्या अंतरावर होती आणि मध्ये सळ्या.

"केव्हापासून?" खोकला जरा थांबल्यावर धाकटीने विचारलं.

"मागे मोठा ताप आला होता ना. त्यातून उठले तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग कळलं, गेलं ते गेलं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. एकटीच गेले होते. कधी येतं म्हणाले, कधी येत नाही."

धाकटीच्या डोळ्यांपुढे सगळी वर्षं उलटी फिरली. भाजी बघ. दूध बघ. कचऱ्याची बादली बघ. घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी म्हणून तिने मैत्रिणींत जिची टिंगल केली होती, त्या बाईच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. ती हुकूम सोडत नव्हती, वास उसना घेत होती.

"एकदा सकाळी तू धावत आलीस आणि ओरडलीस, आठवतं?" थोरली जाळीबाहेर बघत म्हणाली. "गॅसचं बटण चालू होतं. मी तिथेच उभी होते, हातात काडी घेऊन. तू यायला दोन पावलं उशीर केला असतास तर? त्या दिवसापासून तू घरात नसलीस की मी चूल पेटवत नाही. भूक लागली तर पाव खाते."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा काय झालं, तू पाहिलं नाहीस. तुझं लग्न व्हायचं होतं. सकाळी कळलं, संध्याकाळी किल्ल्या माझ्या गळ्यात. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे गोडच बोलले. बसा आराम करा. त्या त्यानंतर बसल्या त्या बसल्याच." ती थांबली. "तू कुणाला सांगू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

बाहेरचं यंत्र थांबलं. जाळीतून धुराची रेघ रस्त्यावर गेली होती, आणि समोरचा शिंपी मान वाकडी करून तिच्याकडे बघत रस्ता ओलांडत होता. त्याच्या गळ्यातली मापाची फीत आधी दिसली, मग गुडघे, मग चेहरा.

"अरेच्चा," तो म्हणाला. "तुम्ही खाली काय करताय?"

"हवा खातोय," थोरली म्हणाली, आणि गळ्यातली दोरी काढून किल्ल्यांचा जुडगा तिने सळ्यांमधून त्याच्या हातात दिला. "मोठी पिवळी शटरची. आणि खाली आल्यावर दार धरून ठेवा, सोडू नका."

दोघी सुटल्या. थोरलीच्या तळहाताला फोड आला होता, धाकटीचा आवाज दोन दिवस बसला. ओले लायटर वाळूच्या डब्यात घालून दादांनी लांब नेऊन टाकले, घाऊकवाल्याला फोनवरून जे सुनवायचं ते सुनवलं आणि दुसऱ्याच दिवशी दाराला मूठ बसवली. सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

धाकटीसाठी ते तिथून सुरू झालं. तिने सर्व्हिस सेंटरला फोन करून थोडी सवड मागितली. नवऱ्याला म्हणाली, "इतक्यात नको बोलूस." त्याने एवढा मोठा सुस्कारा टाकला, की तिला त्याचा रागही धड येईना. आणि थोरली? थोरली बदललीच. पूर्वी हाका मारायची, आता विनवायची. "दमली असशील तर राहू दे, पण जरा बघतेस का?" चहा टेबलावर आणून द्यायची. गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, हे आमच्या धाकटीचं काम. पूर्वीची थोरली दोरीने बांधायची, ती दोरी निदान दिसायची तरी. हिच्याशी भांडायचं तरी कशावरून?

धाकटी घराचं नाक झाली. बाजारात गेली तरी अर्धं लक्ष घरी. परतताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून हवा हुंगायची. माहेरी जायचं तिने दोनदा टाळलं. सांगावं तर थोरलीने जीव मुठीत धरून झाकलेली गोष्ट उघडी पडणार, न सांगावं तर जन्मभर इथेच पहारा. इकडे आड, तिकडे विहीर. सर्व्हिस सेंटरच्या बाईने पुन्हा फोन केला आणि सरळच सांगितलं, की आता जागा जास्त थांबवून ठेवता येणार नाही. धाकटीने "कळवते" म्हणून फोन ठेवला आणि दुरुस्तीला आलेली इस्त्री नुसतीच हातात धरून बसली.

त्या दिवशी दुपारी चौघंही जेवायला एकत्र होते. दादा माल बघून लवकर परतले होते. थोरली वाढत होती. तिने भाजीचं भांडं सवयीने धाकटीसमोर धरलं, डोळ्यांनीच विचारलं, आणि धाकटीने सवयीने वास घेऊन मान हलवली. ती मान हलवली आणि तिलाच कसंतरी झालं. वाटलं, म्हातारी होईपर्यंत आपण अशाच मान हलवत राहणार.

"दादा," ती म्हणाली, "ताईंना वास येत नाही. त्या तापानंतर काहीच येत नाही. तळघरात त्यांच्या शेजारी बॅटरी फुटली होती आणि त्यांना कळलं नाही. मला शहरात काम मिळालंय, आम्हाला जायचंय. पण हे न सांगता मी गेले आणि इथे काही झालं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

धाकट्याचा घास हातातच राहिला. थोरलीने भांडं खाली ठेवलं. इतकं हळू, की आवाजही झाला नाही.

दादांनी पाण्याचा घोट घेतला. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?" थोरलीने विचारलं.

"वास. माझ्या सदऱ्यावर अत्तराची आख्खी बाटली सांडली होती, आणि तू शेजारी बसून विचारलंस, हा डाग कसला. तेव्हाच कळलं. घरी असलो की झोपण्याआधी गॅसचं बटण मी बघून येतो. फिरतीवर असलो की धाकट्याला फोन करतो, काहीतरी निमित्त काढून, बटण बघायला लावतो."

"म्हणून रोज विचारायचास होय," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"मग मला का नाही विचारलं कधी?" थोरलीचा आवाज चिरकला.

"तू सांगशील म्हणून थांबलो. आज सांगशील, उद्या सांगशील."

थोरलीने गळ्यातली दोरी काढली आणि जुडगा ताटाशेजारी ठेवला. कुणाकडे बघितलं नाही. दादांनी जुडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे काय?"

"घ्या. आता काय, द्याव्याच लागणार."

"नाकाचा आणि किल्ल्यांचा काय संबंध?" दादा म्हणाले. "कुलपं काय वास घेऊन उघडतेस?"

धाकट्याला हसू फुटलं आणि त्याने ते घाईघाईने पाण्याबरोबर गिळलं. थोरली उठून आतल्या खोलीत गेली. जुडगा संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होता. संध्याकाळी दुकान उघडायची वेळ झाली, तेव्हा ती आली, तो उचलून गळ्यात घातला आणि जिना उतरली.

धाकटीशी मात्र ती बोलेना. स्वयंपाकघरात गॅस जाऊन विजेची शेगडी आली, भिंतीवर धुराची सूचना देणारं यंत्र लागलं. ते धाकटीनेच बसवलं, शिडीवर चढून. खाली थोरली शिडी धरून उभी होती, पण ओठ शिवल्यासारखे. निघायच्या दिवशी तिने डबा भरून दिला, बॅगांची कुलपं स्वतः ओढून तपासली आणि सामान गाडीत नीट रचलं आहे ना, तेही बघितलं. धाकटी पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला.

नव्या शहरात त्यांना दोन खोल्या मिळाल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये धाकटीला खिडकीजवळचं टेबल होतं आणि समोर उघडलेल्या वस्तूंची रांग. काम जसं हवं होतं तसंच होतं. तरी पहिले काही आठवडे एखादी वस्तू हातात असताना ती मध्येच थांबायची, मान वर करायची आणि हवा हुंगायची. शेजारची मुलगी विचारायची, काही जळतंय का? धाकटी म्हणायची, नाही, काही नाही. घरी तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी भाजी करपायची आणि ही दचकून दाराशी जायची. आपण सुटून आलोय हे तिच्या डोक्याला कळलं होतं, नाकाला अजून कळायचं होतं.

थोरलीचा फोन आला तो एका सुट्टीच्या सकाळी.

"ते तू लावलेलं यंत्र," ती कसलीही विचारपूस न करता म्हणाली, "नुसतं तेल तापलं तरी बोंबलतं. शेजारी गोळा होतात. काल शिंपी फीत गळ्यात घालून वर आला धावत."

"त्याला शेगडीपासून जरा लांब लावायला हवं. दादांकडून सरकवून घ्या."

"दादा शिडीवर चढले तर दुसरं यंत्र लागेल, त्यांना उतरवायला."

धाकटी हसली.

"तू सांगायला नको होतंस," थोरली म्हणाली.

"माहीत आहे."

"मीच सांगायला हवं होतं."

फोनमधून दुकानाचं शटर वर जाताना ऐकू आलं, कुणीतरी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं.

"पुढच्या महिन्यात येऊन लावून जा," थोरली म्हणाली. "राहायला ये. पण यंत्र लावून झालं की स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते." आणि गिऱ्हाइकाकडे वळून तिने फोन ठेवला.